शरीरातली नावे बदलायची तर कोणती?

स्त्रीरोगतज्ज्ञ आजही 'फॅलोपियन ट्यूब'च म्हणतात. वास्तविक अशा व्यक्तिनामांना 1895 सालीच बाजूला सारले गेले. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे ठरलेल्या यादीत सुमारे 50,000 प्रचलित नावांतून जेमतेम 5,000 उरली आणि शास्त्रज्ञांची नावे कंसात ढकलली गेली. दवाखान्यांनी ते फारसे मनावर घेतले नाही.

ती गाळावीत म्हणणाऱ्यांचा मुद्दा वजनदार आहे. 'गर्भाशयनलिका' म्हटले की अवयव कुठला ते कळते. 'फॅलोपियन'वरून कळते ते एवढेच, की सोळाव्या शतकात गाब्रिएले फालोप्पियो नावाचे शरीरशास्त्रज्ञ होऊन गेले. पण वर्णनपर नावही नेहमी खरे बोलते असे नाही. फालोप्पियोंनी या अवयवाला 'ट्यूबा' म्हटले ते तुतारी या अर्थाने, टोकाशी पसरत जाणारा आकार पाहून. इंग्रजीत त्या तुतारीची नुसती नळी झाली. 'आर्टरी'चे तर विचारूच नका. मृतदेहात या वाहिन्या रिकाम्या दिसत, म्हणून त्यांतून हवा वाहते असे प्राचीन ग्रीक वैद्यांनी धरले; श्वासनलिकेलाही ते हाच शब्द वापरत. आत रक्त असते हे गॅलेनने दुसऱ्या शतकात दाखवले, तरी शब्द टिकला. (आपल्या 'धमनी'च्या मुळाशीही फुंकणेच आहे.) रक्तदाब मोजताना या चुकीने कुणाचे अडत नाही. ती राहू द्यावी.

'प्युडेंडम'चे तसे नाही. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ, जिची लाज वाटावी अशी गोष्ट. एके काळी स्त्री-पुरुष दोघांच्या जननेंद्रियांना लागणारा हा शब्द पुढे बाईपुरताच उरला. 2019च्या आंतरराष्ट्रीय यादीतून तो निघाला. त्याच धातूवरून आलेली 'प्युडेंडल नर्व्ह' मात्र राहिली. ती राहावी म्हणणाऱ्यांची अडचण खरी आहे. बाळंतपणात याच नर्व्हभोवती भूल देतात. ऐन वेळी दोन नावांचा घोळ परवडत नाही. तरीही हे नाव जावे, असे आम्हाला वाटते. ते चुकीचे म्हणून नव्हे, अपमानकारक म्हणून.

असा बदल पचतो. फुप्फुसातल्या 'क्लारा' पेशींचे वर्णन नाझी पक्षाचे सदस्य असलेल्या माक्स क्लारा यांनी 1937 मध्ये केले, तेही मृत्युदंड दिलेल्या कैद्याच्या ऊतींवरून. 2013 पासून श्वसनविकारांच्या नियतकालिकांनी 'क्लब सेल' हे नाव स्वीकारले आणि जुने नाव काही काळ कंसात चालू दिले. 'प्युडेंडल'ला याहून लांब मुदत द्यावी लागेल, कारण ते प्रसूतिगृहात रोजच्या तोंडातले आहे.