शब्दाला वाक्याचा दाखला हवा

इंग्रजी शब्दसंग्रह वाढविण्याचा जो शिरस्ता आपल्या शाळांतून पिढ्यानपिढ्या चालत आला आहे, त्यात वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढून डावीकडे इंग्रजी शब्द व उजवीकडे त्याचा मराठी अर्थ उतरवून घेतला जातो, आणि ही जोडी मुखोद्गत झाली की तो शब्द विद्यार्थ्याच्या मालकीचा झाला, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतच मला मान्य नाही.

‘कडक’ हे आपले एकच विशेषण ऊन, शिस्त, चहा आणि शिळी भाकरी या चौघांनाही चालते. इंग्रजीत मात्र उन्हाला ‘स्कॉर्चिंग’, शिस्तीला ‘स्ट्रिक्ट’, चहाला ‘स्ट्राँग’ व भाकरीला ‘हार्ड’ म्हणावे लागते, आणि ही वाटणी कोणत्याही व्याकरणाच्या नियमावरून ताडता येत नाही. ‘डिमांड म्हणजे मागणे’ ही जोडीही वरकरणी निर्दोष आहे. परंतु तिच्या भरवशावर रजेच्या अर्जात ‘आय डिमांड लीव्ह’ असे लिहिणारा उमेदवार विनंती करावयास जातो आणि साहेबापुढे हक्क बजावून येतो, कारण आपल्या ‘मागणे’ या क्रियापदात याचना व हक्क दोन्ही सामावतात, तर ‘डिमांड’मध्ये याचनेला थाराच नाही.

इंग्रजीच्या थोर कोशकारांनी शब्दाचा अर्थ वाक्यातूनच ठरतो, हे तत्त्व दृष्टिआड होऊ दिले नाही. डॉ. जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशात मान्यवर ग्रंथकारांचे उतारे अर्थांच्या पुष्ट्यर्थ दिले. पुढे १८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत ज्या महाकोशाची कल्पना मांडली गेली, आणि ज्याचे संपादन १८७९ पासून जेम्स मरे यांनी आमरण केले, त्या ऑक्सफर्डच्या कोशासाठी शेकडो वाचकांनी स्वेच्छेने चिठ्ठ्या लिहून धाडल्या: माथ्यावर शब्द, त्याखाली सन, ग्रंथकार, ग्रंथ व पृष्ठ, आणि मग जसेच्या तसे उतरविलेले वाक्य. अशा चिठ्ठ्यांची कालानुक्रमे मांडणी केल्यावरच संपादक अर्थाचा मसुदा करीत. १८८४ मध्ये पहिला भाग निघाला, १९२८ मध्ये अखेरचा. मरे त्यापूर्वीच, १९१५ साली, निवर्तले होते. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्तीही १८५७ चीच, आणि तीतही कितीतरी शब्दांखाली वाक्प्रचार व म्हणी नोंदविलेल्या आढळतात.

अर्थ ठरविण्यासाठी कोशकारांना ज्या वाक्यांवाचून चालले नाही, त्यांच्यावाचून विद्यार्थ्याचे चालावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. म्हणून शिक्षकांना माझे आग्रहाचे सांगणे असे की, शब्दार्थांच्या वहीत तिसरा रकाना पाडावा, त्यात वाचनात आलेले अस्सल वाक्य लिहवून घ्यावे, आणि परीक्षेतही अर्थ विचारण्याऐवजी शब्द वाक्यात योजावयास सांगावे. आठवड्याला पन्नासांऐवजी दहाच शब्द झाले तरी चालतील. ते दहा शब्द प्रसंगी बिनचूक उपयोगी पडतील.

— भाषाव्रती