जहाजाची पारख खालच्या मजल्यावरून करा

मागच्या महिन्यात कनेरगाव नाक्यावर चहा घेताना आपल्याच एका तरुण कार्यकर्त्याने आम्हाला चारचौघांत विचारले, "काका, आपली माणसं गायरानाच्या पट्ट्यासाठी कलेक्टर कचेरीसमोर बसतात, आणि तुम्ही काकूंना घेऊन जहाजावर मजा मारता. हे बाबासाहेबांच्या कोणत्या विचारात बसतं?"

प्रश्न रास्त आहे. चहाच्या टपरीवर त्याचे पूर्ण उत्तर देता आले नाही, म्हणून इथे देत आहोत.

निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी तीन मोठ्या क्रूझ केल्या. पहिली सिंगापूरहून 7 रात्रींची, दुसरी भूमध्य समुद्रातली 12 रात्रींची आणि तिसरी 2019 च्या हिवाळ्याच्या तोंडावर, युरोपातून सुएझमार्गे दुबईपर्यंत. आमचा नाका पैनगंगेच्या काठचा. इथून समुद्र पाचशे किलोमीटरच्याही पलीकडे आहे. आमच्या आजोबांनी पैनगंगेपेक्षा मोठे पाणी पाहिले नव्हते. तरीही आम्ही गेलो, आणि त्याची आम्हाला लाज वाटत नाही.

लाज का वाटावी? समुद्र ओलांडणे हे पाप, असे सांगणारे कोण होते ते आधी आठवा. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या पंगतीला कोणाला बोलावू नये याची यादी आहे. त्यात घर जाळणाऱ्याच्या आणि विष घालणाऱ्याच्या रांगेत समुद्रप्रवास करणारा बसवला आहे, आणि त्याच ओळीत तेल गाळून पोट भरणारा तेलीही आहे. ज्यांच्या घरी हे ग्रंथ पूजले गेले, त्यांचीच नातवंडे आज बाल्कनीच्या केबिनमधून फोटो टाकतात. त्यांना कोणी विचारत नाही की हे कोणत्या शास्त्रात बसते. प्रश्न फक्त आपल्याला! बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1927 ला महाडला तो ग्रंथ जाळला, तेव्हा समुद्राची बंदीही त्यात जळाली. आणि धम्माचा वारसा सांगायचा तर आजचे नालासोपारा, म्हणजे जुने सोपारा बंदर, तिथला बौद्ध स्तूप आणि अशोकाचा शिलालेख आठवा. संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन लंकेला गेली ती जहाजानेच. समुद्र आपल्याला परका नाही.

बाबासाहेब स्वतः किती वेळा समुद्र ओलांडून गेले! 1913 ला बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला. 1917 ला परतताना त्यांची पुस्तके दुसऱ्या जहाजावर होती, ते महायुद्धात बुडाले आणि पुस्तकेही गेली. 1920 ला पुन्हा लंडनला. 4 ऑक्टोबर 1930 ला पहिल्या गोलमेज परिषदेसाठी ते मुंबईहून 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने निघाले. ही पी अँड ओ कंपनीची त्या काळची आलिशान बोट. बंदिस्त पोहण्याचा तलाव असलेली त्या कंपनीची ती पहिलीच. आता हे चित्र डोळ्यांसमोर आणा. चवदार तळ्याचा खटला कोर्टात चालू आहे, नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू आहे, आपल्या माणसाला गावच्या तळ्याला हात लावता येत नाही, आणि आपला नेता पोहण्याचा तलाव असलेल्या बोटीतून आपले म्हणणे मांडायला निघाला आहे. त्यांनी आगबोट हे चैनीचे साधन म्हणून नाकारले नाही. कशासाठी निघालो आहोत हे मात्र ते कधी विसरले नाहीत.

सुएझ कालवा ओलांडायला आमच्या जहाजाला जवळजवळ अख्खा दिवस लागला. दोन्ही बाजूंना वाळू. आम्ही कठड्याला टेकून उभे होतो. सौभाग्यवती म्हणाली, "बाबासाहेब याच वाटेनं गेले असतील ना?" याच वाटेने गेले. त्या क्षणासाठी केलेला खर्च आम्हाला आजही वाया गेलेला वाटत नाही.

आता खर्चाचे बोलू, कारण आपल्या समाजातली निवृत्त मंडळी आता या वाटेला लागली आहेत आणि जाहिरातीला भुलत आहेत. जाहिरातीतला आकडा एका माणसाचा असतो, तोही एका केबिनमध्ये दोघे राहतील हे धरून. एकटे गेलात तर तो दुपटीपर्यंत जातो. त्यावर बंदराचे शुल्क, व्हिसा, जहाज जिथून सुटते तिथपर्यंतचे विमान, विमा, इंटरनेट, दारू-सरबताचे पॅकेज आणि किनाऱ्यावरच्या सहली. आमच्या अनुभवाने जाहिरातीतल्या आकड्याला पावणेदोनने गुणावे, तेव्हा खरा खर्च निघतो. केबिन घेताना नकाशा पाहा. जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर हेलकावे कमी लागतात. स्विमिंग पूलच्या खालची केबिन घेऊ नका, पहाटे खुर्च्या ओढण्याचा आवाज डोक्यावर येतो. खिडकी नसलेली आतली केबिन निम्म्या पैशात मिळते आणि झोप तीच लागते. युरोपचा हंगाम संपला की जहाजे आखाताकडे आणि आशियाकडे येतात. त्या फेऱ्यांना दिवसाचा दर कमी पडतो, मात्र समुद्रावरचे दिवस जास्त आणि बंदरे कमी. जहाजावरचा डॉक्टर फार महाग, तेव्हा रोजच्या गोळ्या घरून मोजून न्या. आणि कर्ज काढून क्रूझ कधीच करू नका. बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मासाठी द्यायला सांगितले. तो आधी बाजूला काढा, मुलांच्या फीचे पैसे बाजूला काढा, मग जहाजाचा विचार करा.

एवढे सगळे कोणताही टूरवाला सांगेल. तो जे सांगत नाही, त्यासाठी हा लेख.

जहाजावर जात उतरत नाही. दुसऱ्या क्रूझला आम्ही मराठी ग्रुपबरोबर होतो. पहिल्या रात्री जेवणाच्या टेबलावर समोरच्या काकांनी गाव विचारले, आम्ही हिंगोली जिल्हा सांगितला. मग आडनाव विचारले. मग "म्हणजे तुमच्यात..." असे म्हणून थांबले. सौभाग्यवतीने शांतपणे सांगितले, "आम्ही बौद्ध." दुसऱ्या दिवशी त्या कुटुंबाने टेबल बदलून घेतले. एसीचा वारा लागतो म्हणाले. एसीचा वारा आम्हालाही लागत होता, पण आम्ही जागा सोडली नाही. बारा रात्री त्याच टेबलावर जेवलो.

पण त्याहून जास्त बोचणारी गोष्ट आमच्या स्वतःच्या हातून घडली आहे. क्रूझवर प्रत्येक प्रवाशाच्या खात्यावर रोजची टिप लावली जाते, साधारण पंधरा ते वीस डॉलर. पहिल्या क्रूझला ग्रुपमधल्या एकाने युक्ती सांगितली, "रिसेप्शनला जा, टिप रद्द करून घ्या, ती सक्तीची नसते." आम्ही रांगेत उभे राहिलो आणि रद्द करून घेतली. दोघांचे मिळून पंधराएक हजार रुपये वाचले. त्या रांगेत सवर्ण होते, ओबीसी होते आणि आपलेही होते. फुकटाच्या बाबतीत आम्हा सगळ्यांत पूर्ण समता होती!

तिसऱ्या क्रूझला आमची केबिन साफ करणारा पोरगा गोव्याचा निघाला. मराठी ऐकून त्याचे "सर" जाऊन "काका" झाले. त्याच्याकडून कळले की करार आठ-नऊ महिन्यांचा, त्यात आठवड्याची सुट्टी नाही. राहायची खोली पाण्याच्या पातळीखाली, दोघांत एक. आणि मिळकतीचा मोठा वाटा त्याच टिपचा. आम्ही पहिल्या क्रूझला कोणाच्या ताटातले काढून घेतले होते, हे तेव्हा कळले. पंचशीलातले दुसरे शील आम्ही विहारात दर रविवारी म्हणतो, जे दिलेले नाही ते घेणार नाही म्हणून. म्हणायला सोपे आहे.

तरुण मित्रांनो, आपल्याला हे सहज कळायला हवे होते. रमाईचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावर माशांच्या टोपल्या वाहायचे. बंदरावरच्या ओझ्याखाली कोण होते हे आपल्याला पुस्तकात शोधावे लागत नाही. तरीही पैसा खिशात आला की आपणही वरच्या मजल्यावरून खाली बघायला शिकतो. बाबासाहेबांनी जातीला मजल्यामजल्यांची, पण जिना नसलेली इमारत का म्हटले, ते क्रूझवर नीट कळते. तिथे जिने आहेत, पण कामगाराच्या जिन्यावर प्रवाशाला मनाई आणि प्रवाशाच्या जिन्यावर कामगाराला.

म्हणून आमची सूचना अशी. जहाज चांगले की वाईट हे ठरवताना बुफेत किती पदार्थ होते एवढेच मोजू नका. कामगाराला विश्रांती किती मिळते ते विचारा. 2006 च्या सागरी श्रम करारानुसार त्याला 24 तासांत किमान 10 तास विश्रांती मिळाली पाहिजे. भारताने हा करार 2015 ला मान्य केला. बहुतेक मोठी क्रूझ जहाजे बहामा, पनामा, माल्टा यांच्या झेंड्याखाली चालतात, तेव्हा कामगार भारतीय असला तरी जहाजावर कायदा त्या झेंड्याचा असतो. टिप काढू नका. कामगाराचे नाव पाठ करा आणि शेवटच्या दिवशीच्या अभिप्रायाच्या फॉर्मवर ते लिहा. करार पुन्हा मिळायला त्याचा उपयोग होतो.

आणि ज्या पोरांना या जहाजांवर नोकरी हवी आहे, त्यांनी एक गोष्ट गाठीला बांधावी. नोकरी लावून देण्यासाठी कामगाराकडून पैसे घेण्याची त्याच करारात मनाई आहे. पासपोर्ट, खलाशाचे पुस्तक आणि वैद्यकीय दाखला, एवढाच खर्च कामगाराचा. एजंटकडे जहाजबानी महासंचालनालयाचा परवाना आहे का ते आधी तपासा. जमीन गहाण ठेवून एजंटला दोन लाख देणारी पोरे आपल्याच वस्त्यांतली असतात.

नाक्यावरच्या त्या तरुण मित्राला आमचे उत्तर हे. गायरानाच्या उपोषणाला आम्ही येऊ, शेवटच्या दिवसापर्यंत बसू. चौथ्या क्रूझलाही जाऊ. सुखावर आपला हक्क आहे, तो कोणी दान दिलेला नाही. पण आपल्या सुखाचे बिल खालच्या मजल्यावरच्या माणसाने भरायचे नाही, एवढा हिशोब आपण ठेवला पाहिजे. आम्ही तो एकदा चुकवला. तुम्ही चुकवू नका.

जय भीम!