मास्क खिशात का राहतो?

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. शिरवळच्या एका कारखान्यात कंत्राटी कामावर असलेला एक तरुण दवाखान्यात आला. महिनाभर खोकला, संध्याकाळी कणकण, अंगावरचा शर्ट सैल झालेला. थुंकी तपासून घेतली, तीत क्षयाचे जंतू निघाले. औषधे लगेच सुरू झाली. ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, त्यामुळे त्याची चिंता नव्हती. चिंता होती घराची. दोन खोल्यांचे भाड्याचे घर, त्यात म्हातारी आई, बायको आणि दोन वर्षांची मुलगी. मी नेहमीप्रमाणे सांगितले, निदान पहिले दोन महिने चारचौघांत आणि घरातही तोंडावर मास्क ठेव, रात्री बाहेरच्या खोलीत वेगळा झोप, खिडकी उघडी ठेव. मुलीला प्रतिबंधक औषध सुरू करायला लावले.

आठवड्याने तो आला तेव्हा मास्क शर्टाच्या खिशात होता. इलॅस्टिक बाहेर लोंबत होते. मी रागावलो. "क्षय तुझ्या खिशाला झालाय का रे?" असेही म्हणालो. तो खाली मान घालून बसला. त्याची बायको मात्र पुढे झाली. पिशवीतून तसलाच एक नवाकोरा मास्क काढून तिने टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "डॉक्टर, रागावू नका. पण एकदा दोन तास तुम्हीच हा लावून बघा की."

ती निघून गेल्यावर मी तो खरोखरच लावला. चौकातल्या टपरीवर मिळतो तसला, काळा, ताणला जाणारा, होजियरीच्या कापडाचा. संध्याकाळची ओपीडी सुरू होती, पंखा फिरत होता तरी दहा मिनिटांत ओठांवर घाम जमला. चष्म्यावर वाफ धरू लागली. बोलायला तोंड उघडले की मास्क नाकावरून घसरे, तो मी पेशंट तपासलेल्याच हाताने वर ओढी. कानांच्या मागे रग लागली. पाऊण तासात मी तो काढला आणि कुठे ठेवला, तर शर्टाच्या खिशात!

करोनाच्या काळात मी मास्क घातला नव्हता असे नाही. दिवसच्या दिवस घातला होता. पण तो चांगल्या प्रतीचा एन-९५ होता. लोकांना "कापडाचा लावा, धुऊन वापरा" असे सांगणाऱ्या मी स्वतः कापडाचा एकही दिवस लावलेला नव्हता. अठ्ठावीस वर्षे प्रॅक्टिस केलेल्या माणसाने हे कबूल करायला हरकत नाही.

वास्तविक कापडाचा मास्क मला नवा नव्हता. १९९४ साली मी मिरजेला इंटर्न होतो. त्याच सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ आली आणि रस्त्यावरची माणसे नाकाला रुमाल बांधून फिरू लागली, ते आठवणारे वाचक पुष्कळ असतील. पण मी सांगतो तो मास्क ऑपरेशन थिएटरमधला. तेव्हा आजच्यासारखे वापरून फेकायचे निळे मास्क सर्रास नव्हते. सुती कापडाचे, शिंप्याने शिवलेले, चार बंदांचे मास्क असत. वापरले की धुलाईला जात, मग घडी करून पत्र्याच्या ड्रममध्ये भरून वाफेवर निर्जंतुक होत आणि पुन्हा येत. शंभरदा धुऊन ते कापड असे मऊ झालेले असे की तोंडावर काही आहे हे विसरायला व्हावे. वरचे दोन बंद कानांवरून डोक्यामागे, खालचे दोन मानेमागे. चार-चार तासांची शस्त्रक्रिया त्यात निभावत असे. सर्जनचा हात तोंडाकडे जाताना मी कधी पाहिला नाही, आणि गेला असता तर सिस्टरने तो तिथेच अडवला असता.

फरक इथे आहे. तो मास्क माणसासाठी शिवलेला होता, आणि बाजारातला विकण्यासाठी. माझे म्हणणे असे की जो मास्क तोंडावर सोसत नाही तो कितीही उत्तम असो, त्याचा उपयोग शून्य. पेशंट मास्क लावत नाही म्हणून आपण त्याच्यावर चिडतो, पण त्याला दिलेला मास्क लावण्यासारखा आहे का, हे कोणी पाहत नाही.

पुढच्या खेपेला मी त्या बाईंना चार बंदांच्या मास्कचे चित्र काढून दिले. त्या घरी ब्लाउज शिवतात. माझ्या चित्राला त्या हसल्या असाव्यात, पण आठवड्याने शिवून आणलेला मास्क माझ्या मिरजेच्या मास्कपेक्षा सरस होता. त्यांनी केले ते असे.

कापड जुन्या सुती धोतराचे घेतले. धोतर नसेल तर मऊ झालेली सुती साडी, पॉपलिन किंवा अस्तराचे सुती कापड चालते. नायलॉन, टेरिकॉट, लेगिंगचे कापड नको, त्यात घाम मुरत नाही. नवे कापड असेल तर आधी धुऊन घ्यावे, सुती कापड पाण्यात आटते. उन्हाकडे धरून पाहावे. आरपार चांदण्या दिसत असतील तर कापड फार विरळ आहे, तीन पदर घ्यावेत. घट्ट विणीचे असेल तर दोन पुरतात. चार-पाच पदर लावून उगाच गादी करू नये, श्वास कापडातून न जाता कडेने जाऊ लागतो आणि मग मास्क नुसता शोभेचा. मास्क घालून समोरची मेणबत्ती फुंकून पाहावी. सहज विझली तर एक पदर वाढवावा. ही ठोकळ परीक्षा आहे, पण घरात दुसरे यंत्र नसते.

मोठ्या माणसासाठी ९ इंच रुंद आणि ७ इंच उंच तुकडा, शिवणीसाठी अर्धा इंच वेगळा. मध्ये तीन आडव्या चुण्या, तोंड खाली करून, म्हणजे त्यांत धूळ बसत नाही. चुण्यांमुळे हनुवटीपर्यंत कापड उलगडते आणि बोलताना मास्क घसरत नाही. बंद सरळ पट्टीचे करावेत. उरेब पट्टी ताणते आणि दिवसभरात सैल होते. वरच्या कडेला दुमड घालून त्यात विजेच्या कामात वापरतात तसली बारीक ॲल्युमिनियमची तार सरकवली, टोके वळवून टीप मारली, की नाकावर दाबून बसवता येते. माझ्या चष्म्यावरची वाफ या तारेने थांबली. चष्मेवाल्यांनी ती विसरू नये. कानाला काही अडकत नाही. अंबाडा असेल तर एक बंद त्याच्या वर, एक खाली. टोपी किंवा फेटा असेल तर अर्थातच मास्क आधी बांधावा.

एकाला एक मास्क पुरत नाही. निदान तीन हवेत, एक तोंडावर, एक दोरीवर आणि एक घडीत. ओला झाला की बदलायचा. ओला मास्क अंगावर वाळवू नये. रोज गरम पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवायचा, आणि आजाऱ्याचा असेल तर पाच-दहा मिनिटे उकळायचा. या धुण्याला लोक किरकोळ समजतात, म्हणून सांगतो. व्हिएतनाममध्ये हनोईच्या १४ रुग्णालयांत कर्मचाऱ्यांवर एक मोठी चाचणी झाली, ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. कापडी मास्क वापरणाऱ्यांना सर्जिकल मास्कवाल्यांपेक्षा जास्त संसर्ग झाला. कापडाची नाचक्कीच झाली. पण त्याच संशोधकांनी २०२० मध्ये जुनी माहिती पुन्हा चाळली तेव्हा दिसले, की ज्यांचे मास्क रुग्णालयाच्या धुलाईत धुतले जात होते त्यांना जास्त धोका नव्हता. धोका होता तो घाईघाईने स्वतः हाताने धुणाऱ्यांना. मिरजेच्या त्या पत्र्याच्या ड्रमची किंमत मला तेव्हा कळली.

आता कोणी विचारील, या कापडाच्या तुकड्याने होते तरी काय? आपल्या तालुक्यातल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ आजाऱ्यांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. गाठीचा प्लेग पिसवांमुळे पसरतो, त्याला मास्क आडवा आला नसता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण योगायोग पाहा. त्याच १८९७ साली जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात मिकुलिच नावाच्या सर्जनने तोंडावर गॉजचा मास्क बांधून शस्त्रक्रिया करायला सुरुवात केल्याचे प्रसिद्ध केले. कारण, बोलताना आपल्या तोंडातून उडणारे तुषार जखमेत पडतात. म्हणजे मास्क जन्मला तोच दुसऱ्याला वाचवण्यासाठी, बांधणाऱ्याला नव्हे.

पुढे १९१०-११ च्या हिवाळ्यात मंचुरियात फुफ्फुसाचा प्लेग आला. हा खोकल्यातून पसरतो. डॉ. वू लिएन-तेह या तरुण चिनी डॉक्टरने गॉज आणि कापसाचे मास्क करून डॉक्टर-परिचारिकांना बांधायला लावले. डॉ. मेस्नी नावाच्या अनुभवी फ्रेंच डॉक्टरांना हे पटले नाही. ते उघड्या तोंडाने पेशंट पाहायला गेले आणि थोड्याच दिवसांत प्लेगने वारले.

क्षयाबद्दलचा पुरावा तर मला सर्वांत बोलका वाटतो. दक्षिण आफ्रिकेतल्या एका वॉर्डात औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे रुग्ण होते. वॉर्डातली हवा गिनीपिगांच्या दोन खोल्यांत आळीपाळीने सोडली. पेशंटांनी सर्जिकल मास्क लावलेल्या दिवसांची हवा ज्या ९० प्राण्यांना मिळाली त्यांतल्या ३६ ना लागण झाली. बिनमास्कच्या दिवसांची हवा मिळालेल्या ९० पैकी ६९ ना. ही २०१२ सालची माहिती आहे. मास्क पेशंटच्या तोंडावर, फायदा शेजारच्यांना.

हे सर्जिकल मास्कचे आकडे आहेत, कापडाचे नव्हेत, हे मी लपवत नाही. बांगलादेशात करोनाच्या वेळी सुमारे ६०० गावांत मोठी चाचणी झाली, तीतही सर्जिकल मास्कचा फायदा स्पष्ट दिसला, कापडाचा तितका स्पष्ट दिसला नाही. तेव्हा ज्याला परवडतो त्याने सर्जिकल मास्क जरूर वापरावा. पण राज्य सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये त्याची किंमत ३ ते ४ रुपयांवर बांधली होती, त्या दरानेही रोज दोन म्हटले तर दोन महिन्यांचे साडेतीनशेच्या वर होतात. कामावरून घरी बसलेल्या माणसाला ते परवडत नाहीत, आणि मग तो एकच निळा मास्क आठवडाभर वापरतो, मळकट होईस्तोवर. त्यापेक्षा रोज धुतलेला सुती बरा, असे माझे मत आहे.

काही ठिकाणी मात्र कापड अजिबात पुरे पडत नाही. खडी क्रशरवर, दगड फोडण्याच्या कामावर जी बारीक धूळ असते ती कापडातून सरळ फुफ्फुसात जाते. तिथे एन-९५ च हवा आणि तो मालकाने दिला पाहिजे. लोणंदच्या बाजारात कांदा निवडणाऱ्या आयाबायांना पदराऐवजी हा मास्क बरा, फोलपटे आणि जाड धूळ अडते, पण त्याहून जास्त अपेक्षा करू नये. क्षयाच्या पेशंटजवळ रोज बसणाऱ्याला स्वतःच्या बचावासाठी कापडी मास्क पुरत नाही. म्हणून तर मास्क पेशंटने लावायचा. दोन वर्षांखालच्या मुलांना मास्क कधीही बांधू नये, गुदमरण्याची भीती असते. ज्याला धाप लागली आहे त्याच्यावरही सक्ती नको, त्याला आधी दवाखान्यात आणावे.

मास्क न लावण्याचे एक कारण शिवणकामाने सुटत नाही. एप्रिल २०२२ पासून राज्यातली सक्ती उठली आणि तेव्हापासून मास्क लावलेला माणूस वेगळा उठून दिसू लागला. सगळ्यांच्या तोंडावर होता तेव्हा कोणी विचारीत नव्हते. आता तोंड झाकलेले दिसले की नळावर कुजबुज सुरू होते, "त्याला काहीतरी आहे म्हणे." माझ्या त्या पेशंटने शेवटी हेच सांगितले. उकाडा, कान हे तर होतेच, पण घरमालकीण दारातून बघत होती. २००९ साली स्वाइन फ्लूच्या वेळी पुण्याहून येणाऱ्या एसटीत अर्धी गाडी तोंडाला रुमाल बांधून बसलेली मी पाहिली आहे. तेव्हा लाज नव्हती, भीती होती. भीती गेली आणि लाज आली. स्कूटरवरून जाणाऱ्या मुली डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने गुंडाळतात, त्यांना कोणी रोग विचारीत नाही. मग खोकणाऱ्या माणसालाच का विचारावे? उलट जो खोकतो आणि तोंड झाकत नाही, त्याला विचारायला हवे.

यावर त्या बाईंनी जो तोडगा काढला तो मला सुचला नसता. त्यांनी पेशंटबरोबर सासूबाईंचा आणि स्वतःचाही मास्क शिवला, एकाच निळ्या फुलांच्या कापडाचे. घरमालकिणीने विचारले तेव्हा सांगितले, "घरी खोकला आहे, म्हणून सगळेच बांधतो." त्यानंतर मालकिणीने स्वतःसाठी एक मागून नेला म्हणतात.

दोन महिन्यांनी त्याची थुंकी तपासली, जंतू नव्हते. मुलगी ठणठणीत आहे. ती मास्कमुळे वाचली असे मी म्हणणार नाही, औषधे होती, उघडी खिडकी होती, नशीबही असेल. तो मास्क मात्र त्या दिवशी नाकावर होता.

मापाचे कागदी कटिंग दवाखान्यात ठेवले आहे, ज्यांना हवे त्यांनी कंपाउंडरकडून मागून न्यावे. बंद चांगले सोळा-सोळा इंच ठेवावेत. माझ्या पहिल्या चित्रात ते आखूड पडले होते.