गाणं, पुस्तक आणि नळ



रात्रपाळी करून गोदीतून वस्तीत शिरलो की कानावर पहिलं भीमगीत पडतं आणि डोळ्यांपुढे पहिली येते नळावरची रांग.

मी मॅट्रिक. पुढचं शिक्षण वामनदादा कर्डकांनी केलं. दादा २००४ साली गेले, पण त्यांची गाणी आमच्या भिंतीभिंतीत मुरलीत. मग हातात पडलं बाबुराव बागुलांचं १९६३चं 'जेव्हा मी जात चोरली होती'. त्या रात्री झोपच आली नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला येणारी माणसं पोटाला चिमटा घेऊन पुस्तकं विकत नेतात. देवाच्या कुठल्या जत्रेत पुस्तकं अशी खपतात, दाखवा!

पण एक सल आहे. जयंतीच्या वर्गणीला झाडून सगळी पोरं हजर. पाण्याचा अर्ज घेऊन वॉर्ड ऑफिसात गेलो तेव्हा आम्ही तिघंच. साहेब म्हणाला, "उद्या या." तिघंच होतो, म्हणून म्हणू शकला.

महाडचं चवदार तळं सर्वांना खुलं, असा ठराव तिथल्या नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. कागद पडून राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंना घेऊन चालत गेले, ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा कुठे तो कागद तळ्यापर्यंत पोचला. १९५६ साली धम्म दिला तो याच पायांना.

हे पाय आज कुठायत? मांडवात नाचतायत. नाचा की! पण सोमवारी वॉर्ड ऑफिसातही या. ढोलकी आणा. काखेत पुस्तक असू द्या.

जयभीम!