जोत्याआधी न्हाणी ठरवा

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी, रायगड जिल्हा परिषद. किनाऱ्यावरच्या तालुक्यांचे गटविकास अधिकारी. घरकुलांवर देखरेख ठेवणारे अभियंते. आणि गावोगावचे सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांस,



पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात 2024 ते 2029 या काळात देशातल्या खेड्यांत आणखी 2 कोटी घरं उभी राहायची आहेत. त्यांतली काही अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावरही होतील. त्या घरांत बाई अंघोळ कुठे करणार, कपडे कुठे धुणार आणि पावसाळ्यात ते कुठे वाळत घालणार, हे जोतं भरण्याआधी ठरावं, एवढ्यासाठी हे पत्र.

योजनेत घराचं किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर, म्हणजे साधारण 269 चौरस फूट आहे. स्वयंपाकाची जागा त्यातच धरली आहे, आणि ते योग्यच झालं. सपाट भागातल्या घराला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात, शौचालयाला वेगळे 12 हजार. न्हाणीला आणि धुण्याच्या जागेला मात्र स्वतंत्र रक्कम नाही, म्हणून ते काम मागे पडतं. भिंती चढतात, स्लॅब पडतो, गिलावा होतो आणि मग उरलेल्या कोपऱ्यात चार पत्रे उभे करून न्हाणी केली जाते. 2011च्या जनगणनेत देशातल्या ग्रामीण भागातल्या निम्म्याहून अधिक घरांना अंघोळीची सोयच नव्हती, आणि जवळजवळ पाचव्या हिश्श्याची सोय म्हणजे छप्पर नसलेला आडोसा. अशा आडोशात बाईला उजाडायच्या आत अंघोळ उरकावी लागते. नव्या पक्क्या घरातही तिच्या वाट्याला तेच येणार असेल, तर घर मिळालं कोणाला?

आपल्या सुपारीच्या वाड्यांमधल्या जुन्या घरांत ही गोष्ट विचारपूर्वक केलेली दिसते. घराच्या मागच्या दारी, स्वयंपाकघराला लागून न्हाणी. तिथेच पाणी तापवायची चूल, पलीकडे धुण्याचा दगड, आणि सांडपाण्याचा पाट थेट अळूकडे, केळींकडे, पुढे सुपारीच्या आळ्यांत. विहीर उंचावर, न्हाणी तिच्या उताराला. ओलं काम घराच्या एका अंगाला राहायचं आणि पाणी वाया जायचं नाही. श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागा उन्हाळ्यात जगवताना हे पाणी मोलाचं असतं. हा उतार कागदावर काढायला अभियंत्याला अर्धा तास पुरेल. जोतं भरल्यावर तो काढायचा तर फरशी फोडावी लागते.

आता नळ आले आहेत, त्यामुळे सांडपाण्याचा प्रश्न वाढला आहे. जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी रोज 55 लिटर आहे. पाच माणसांच्या घरात 275 लिटर येतात, त्यांतले दोनशेच्या वर सांडपाणी होऊन बाहेर पडतात. शोषखड्डा हे त्यावरचं ठरलेलं उत्तर, आणि मराठवाड्यात त्याने चांगलं काम केलं आहे. पण खाडीकाठच्या जमिनीत जुलै-ऑगस्टमध्ये हातभर खणलं की पाणी लागतं. आधीच भरलेला खड्डा काय शोषणार? अशा ठिकाणी उंच बांधाचा वाफा करून त्यात केळ, अळू, कर्दळ लावणं जास्त भरवशाचं. शौचालयाचा खड्डा आणि विहीर यांच्यात किमान 10 मीटर अंतर तर हवंच. एप्रिलनंतर किनाऱ्यावरच्या कितीतरी विहिरी मचूळ होतात, त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. म्हणून धुण्याच्या जागी विहिरीचं आणि नळाचं असं दोन्ही पाणी पोचावं. पहिला मळ काढणं मचूळ पाण्यात, साबण आणि शेवटचं खळबळणं गोड्या पाण्यात, हे इथल्या बायका आजही करतात, फक्त कळशा वाहून.

कोळीवाड्याचं गणित वेगळं आहे, आणि वाडीचा नकाशा तिथे लादू नये. भरडखोल किंवा राजपुरीसारख्या गावात घराला घर चिकटलेलं. परसदार नाही, पाट काढायला जागा नाही. बाई बंदरावरून येते ती मासळीची पाटी, खारं पाणी आणि खवल्यांनी भरलेले कपडे घेऊन. तिला घरात शिरायच्या आधी हातपाय धुवायला, पाटी धुवायला आणि पुढे अंघोळीला जायला सलग जागा हवी. म्हणून तिथे न्हाणी पुढच्या किंवा बाजूच्या दाराशी हवी, चूल ओलांडून पलीकडे नको. सांडपाण्याची बंद नाली सगळ्या गल्लीची एकत्रच करावी लागेल. ते एका लाभार्थ्याच्या हातचं काम नाही, ते ग्रामपंचायतीचं आहे.

कपडे वाळवण्याचा विचार तर कुठल्याच नकाशात होत नाही. चार महिने ओले कपडे 269 चौरस फुटांच्या घरात दोरीवर लोंबत राहतात, भिंतींना बुरशी येते, पोरांचा खोकला हटत नाही. छपराचा पत्रा मागच्या बाजूला चार फूट पुढे काढला, खाली धुण्याचा ओटा बांधला, वर दांडी टांगली की काम होतं. ओटा कमरेइतका उंच असावा. गुडघे गेलेल्या आजीला उकिडवं बसवत नाही. वॉशिंग मशीन आज नसलं तरी उद्या येईल, त्याचा प्लग आणि पाइप आत्ताच काढून ठेवा. ही बाजू नैर्ऋत्येला मात्र नको, पाऊस तिथूनच झोडपतो. आणि पत्रा पक्का बांधलेला हवा. 3 जून 2020च्या निसर्ग चक्रीवादळात ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने वारा आला, तेव्हा सैल पत्रे आणि झापं वाऱ्याबरोबर गेली.

पीएम-जनमन योजनेतून कातकरी वाड्यांवर जी घरं होत आहेत, तिथेही हेच विचारायला हवं, आणि ते त्या वाडीवरच्या बायकांनाच विचारायला हवं.

नवी योजना मी मागत नाही. जोत्याची आखणी होईल त्या दिवशी अभियंत्याने जागेवर यावं आणि घरातल्या बाईला समोर उभं करून न्हाणी, ओटा आणि पाण्याचा उतार चुन्याने आखून घ्यावा. लाभार्थ्याच्या नावाने पुरुषाची सही झाली असली तरी हे तिलाच विचारावं. घरकुलाच्या प्रत्येक टप्प्याचा फोटो तुम्ही काढताच. जोत्याच्या फोटोत न्हाणीचा पाइप दिसला पाहिजे, एवढी सूचना काढा. पाइप नसला तर हप्ता अडवू नका, गरिबाचं बांधकाम पावसात उघडं पडेल. माणूस पाठवा आणि पाइप बसवून घ्या.

आपली,
किनाऱ्यावरची एक रहिवासी