बर्फाचे मैदान आणि झाडीपट्टीचा मंडप

पाश्चात्त्य देशांतील अनेक शहरांत बर्फाच्या क्रीडागाराला भेट देणे हा सहकुटुंब सोहळा असतो. काँक्रीटच्या फरशीत नळ्यांचे जाळे, त्यांतून फिरणारे अतिथंड द्रावण आणि वर जेमतेम इंच-दीड इंच जाडीचा बर्फ, एवढाच या मायेचा पाया. आज तेथे हॉकीचा सामना होतो. उद्या त्याच बर्फावर फळ्या अंथरून गायनाची मैफल रंगते. खेळ आणि रंजन यांचा एकत्र संसार मांडल्यावाचून अशा वास्तूचा खर्च निघणे कठीण, हे तिकडच्या व्यवहारी मंडळींनी केव्हाच ओळखले.

गोंदियासारख्या जिल्ह्याने या चित्राकडे कोणत्या नजरेने पाहावे? वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या आसपास रेंगाळणाऱ्या मुलखात बर्फाचे मैदान मागणे ही निव्वळ चैन ठरेल. हिमालयाच्या पायथ्याशी वसलेल्या डेहराडूनलाही ती झेपली नाही. दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी २०११ मध्ये तेथे असे क्रीडागार उभे राहिले. स्पर्धा संपल्या आणि वीज व देखभालीच्या खर्चापायी ते वर्षानुवर्षे बंद पडून राहिले. तेथे पुन्हा आंतरराष्ट्रीय स्पर्धा व्हायला २०२५ साल उजाडावे लागले. वास्तू बांधायला पैसा एकदाच लागतो, चालवायला मात्र रोज लागतो.

बर्फाचा हट्ट सोडता येईल. छपराचा प्रश्न सोडता येत नाही. शालेय क्रीडास्पर्धांचे तालुका-जिल्हा पातळीवरचे बरेचसे सामने पावसाळ्यात आणि त्याला लागून येणाऱ्या महिन्यांत उरकले जातात. भाताच्या या जिल्ह्यात त्या दिवसांत मैदान आणि बांधी यांत फारसा फरक उरत नाही. त्यातच कबड्डी आता मॅटवर गेली. मातीत घडलेला सालेकसा किंवा देवरीचा मुलगा मोठ्या स्पर्धेत प्रथमच मॅटवर पाय ठेवतो, तेव्हा पहिली चढाई होण्यापूर्वीच तो निम्मा हरलेला असतो.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. तालुका क्रीडा संकुलाच्या अनुदानाची मर्यादा राज्य शासनाने २०२२ मध्ये एक कोटीवरून पाच कोटी रुपयांवर नेली. रक्कम वाढली हे चांगलेच झाले. पण संकुलाचे कुलूप रोज उघडणार कोण आणि विजेचे बिल भरणार कोण, हे प्रश्न अनुदानाच्या आकड्याने सुटत नाहीत.

याचे उत्तर शोधायला परदेशी जाण्याचे कारण नाही. दिवाळीनंतर धान निघाले की मोकळ्या झालेल्या बांध्यांत मंडप पडतो, दिवसा मंडई वा शंकरपट आणि रात्रभर संगीत नाटक, असा झाडीपट्टीचा क्रम आहे. गोंदिया-बल्लारपूर लोहमार्गावरील वडसा हे या नाट्यव्यवसायाचे केंद्र. तेथे नाटक मंडळ्यांची कार्यालये थाटलेली असतात. गावचे मंडळ ठरावीक रक्कम देऊन प्रयोग ठरविते, तिकिटे विकते, नफा-नुकसान सोसते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या. २०२१ च्या डिसेंबरात त्यांना अंतरिम परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये ती कायम झाली. पट नसलेल्या त्या वर्षांतही नाटक तगून राहिले. डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीच्या सेवेबद्दल. खेळ आणि रंजन यांची जी जोडी परदेशी क्रीडागाराने यंत्रबळाने जुळविली, ती येथील शेतकऱ्याने बांबू आणि ताडपत्रीवर कधीच जुळविली होती. फक्त तिला कोणी ‘प्रकल्प’ म्हटले नाही, एवढेच!

अर्थात, हा मंडप उचलून गोंदिया शहरातील एखाद्या आलिशान सभागृहात नेऊन ठेवणे शहाणपणाचे होणार नाही. झाडीपट्टीचे नाटक प्रेक्षकाच्या दाराशी जाते, म्हणूनच ते चालते. तालुक्याच्या ठिकाणी साधे, उंच छपराचे, बाजूंनी हवेशीर दालन बांधावे. पावसाळ्यात तेथे कबड्डी, खो-खो, बॅडमिंटन चालावे. हिवाळ्यात अवकाळी पावसाला भिणाऱ्या मंडळांना तेच माफक भाड्याने द्यावे, आणि त्या भाड्यातून राखणदाराचा पगार निघावा. नागपूरच्या मानकापूर संकुलाची छोटी नक्कल आठ ठिकाणी करण्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

एक अडचण तरीही उरतेच. गोंदिया शहर जिल्ह्याच्या उत्तर कडेला, तर अर्जुनी-मोरगाव दक्षिण टोकाला. जिल्हास्तरीय सामना संध्याकाळी संपला, तर तिकडच्या शाळेची मुले घरी पोहोचणार कशी, याचा विचार दालनाचा नकाशा काढण्यापूर्वीच एसटीच्या वेळापत्रकात व्हायला हवा.