दुसरी फळी

जबलपूरच्या विजय नगरात मी राहतो, तेथून जवळच एक मोकळा भूखंड आहे. त्यावर घर उभे राहीपर्यंत तो मुलांचा आहे. संध्याकाळी कार्यालयातून परतताना मी तेथे पाच-दहा मिनिटे थांबतो. गेल्या आठवड्यात तेथेच एक शेजारी भेटले. मूळचे नागपूरचे, आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले, आणि क्रिकेटचे जाणकार. भारत अ संघाचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, "अहो, अ संघ म्हणजे धर्मशाळा. खऱ्या संघात ज्यांना घ्यायचे नाही त्यांची सोय. आता आयपीएल असताना हा खर्च हवाच कशाला?"

त्यांच्याशी मी वाद घातला नाही. पण हे मत मी अनेक सुशिक्षित मराठी घरांत ऐकले आहे, म्हणून त्याचे उत्तर लिहूनच द्यावे असे ठरवले. माझ्या दृष्टीने हा केवळ क्रिकेटचा प्रश्न नाही. दुसऱ्या फळीवर केलेला खर्च वाया जातो, ही समजूत आपल्या बहुतेक संस्थांच्या हाडीमासी भिनलेली आहे. आणि त्या संस्था खंगतात त्या याच समजुतीपायी.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेन येथे भारताने ३२८ धावांचे लक्ष्य गाठून कसोटी आणि मालिका जिंकली. १९८८ पासून त्या मैदानावर ऑस्ट्रेलिया कसोटी हरला नव्हता. त्या सामन्यात विराट कोहली नव्हता. बुमराह, अश्विन, जडेजा, शमी यांपैकी एकही नव्हता. दुसऱ्या डावात पाच बळी घेणारा मोहम्मद सिराज, ९१ धावा करणारा शुभमन गिल, नाबाद ८९ करणारा ऋषभ पंत आणि आपला पालघरचा शार्दूल ठाकूर हे सारे भारत अ संघातून खेळत वर आलेले. वृत्तपत्रांनी त्याला चमत्कार म्हटले. प्रशासनात तीस वर्षे घालवलेल्या माणसाला त्यात चमत्कार दिसत नाही. कोणीतरी पाच-सहा वर्षे आधी केलेल्या तरतुदीची ती परिपक्वता होती.

ती तरतूद कोणी केली? २०१५ मध्ये राहुल द्रविड यांनी अ संघाची आणि १९ वर्षांखालील संघाची जबाबदारी घेतली. त्यांनी फलंदाजी काय शिकवली हे सांगण्यास मी पात्र नाही. त्यांनी नियम कोणते आणले ते मात्र मला कळते. पहिला नियम असा की खेळाडूने १९ वर्षांखालील विश्वचषक एकदाच खेळावा. दुसऱ्यांदा तीच जागा अडवू नये. दुसरा असा की अ संघाच्या दौऱ्यावर जो येईल त्याला खेळायला मिळेलच. पंधरा जणांना नेऊन चौघांना नुसते पाणी द्यायला ठेवायचे नाही. तिसरी गोष्ट २०१८ ची. विश्वचषक जिंकल्यावर मंडळाने त्यांना ५० लाख रुपये आणि त्यांच्या सहायकांना प्रत्येकी २० लाख जाहीर केले. द्रविड यांनी या फरकाला हरकत घेतली, आणि अखेर सर्वांना समान २५ लाख मिळाले. आपले बक्षीस निम्मे करून घेणारा विभागप्रमुख माझ्या सेवाकाळात मी पाहिलेला नाही.

आता आयपीएलविषयी. माझ्या शेजाऱ्यांचा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो: बाजार गुणवत्ता शोधतोच, मग मंडळाने वेगळा खर्च का करावा? अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून माझे उत्तर असे. बाजार पिकलेले फळ उत्तम ओळखतो आणि त्याची किंमतही चोख देतो. झाड लावणे हे त्याचे काम नाही. ज्या प्रशिक्षणाचा लाभ उद्या दुसराच उचलणार आहे, त्यावर कोणताही खासगी मालक पुरेसा पैसा घालणार नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचा हिशेब दोन महिन्यांचा असतो. इंग्लंडच्या ढगाळ हवेत चार दिवसांचा सामना खेळून शून्यावर बाद होण्याची आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळण्याची संधी कोणताही लिलाव देत नाही. असा खर्च सार्वजनिक स्वरूपाचा आहे, आणि तो संस्थेनेच करावा लागतो.

आमच्या मध्य प्रदेशाचेच उदाहरण घ्या. इंदूरचा रजत पाटीदार २०१५ पासून प्रथम श्रेणीचे सामने खेळत होता. २०२२ च्या लिलावात त्याला कोणी घेतले नाही. मग एका जखमी खेळाडूच्या जागी तो आला आणि मे महिन्यात बाद फेरीत नाबाद ११२ धावा केल्या. जूनमध्ये रणजीच्या अंतिम सामन्यात १२२ केल्या. सप्टेंबरमध्ये न्यूझीलंड अ विरुद्ध त्याने भारत अ तर्फे शतक ठोकले, तेव्हा तो २९ वर्षांचा होता. कसोटी पदार्पण २०२४ मध्ये, तिशी ओलांडल्यावर. या क्रमाकडे नीट पाहावे. जो दूरचित्रवाणीवर दिसला त्याला अ संघात घेणे सोपे आहे. जो अजून दिसलेला नाही त्याला शोधणे हे अ संघाचे खरे काम, आणि तेथे आपण कमी पडतो.

दुसरे उदाहरण जालन्याच्या विजय झोलचे. २०११ मध्ये कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१, २०१२ च्या विश्वविजेत्या १९ वर्षांखालील संघात स्थान, २०१४ च्या विश्वचषकात कर्णधारपद. वरिष्ठ संघापर्यंत तो पोहोचला नाही. २०१२ चा विजेता कर्णधार उन्मुक्त चंद हाही पोहोचला नाही. २०२१ मध्ये भारतीय क्रिकेटमधून निवृत्त होऊन तो अमेरिकेस गेला. त्याच संघातला हनुमा विहारी कसोटीपर्यंत गेला, पण सहा वर्षांनी, २०१८ मध्ये. एकोणीस आणि पंचवीस या वयांमध्ये एक दरी आहे. चषक जिंकल्याने ती भरत नाही. तिच्यावर पूल बांधावा लागतो, आणि त्या पुलाचे नाव अ संघ.

शेजाऱ्यांच्या 'धर्मशाळा' या शब्दात एक सत्य मात्र आहे, ते मी मान्य करतो. गुजरातचा प्रियांक पांचाळ अनेक वर्षे अ संघात खेळला, त्याचे नेतृत्वही केले, आणि मे २०२५ मध्ये एकही कसोटी न खेळता निवृत्त झाला. जागा अकराच, प्रत्येकाला संधी मिळणार नाही हे उघड आहे. पण प्रतीक्षालयाला आणि कार्यशाळेला एकच दार असू नये. वरिष्ठ संघातून वगळलेल्याने तेथे येऊन दुरुस्ती करावी आणि परत जावे. शफाली वर्मा ऑगस्ट २०२५ मध्ये अ संघासोबत ऑस्ट्रेलियात खेळत होती. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला नवी मुंबईत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ८७ धावा आणि दोन बळी घेऊन ती सामन्याची मानकरी ठरली. अ संघाचा उपयोग असा व्हावा.

येथवर क्रिकेट. आता माझी स्वतःची गोष्ट, जी सांगणे मला सोपे नाही.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका कार्यालयात परदेशातील दीर्घ प्रशिक्षणासाठी एक जागा आली होती. निवड समितीत मी होतो. दोन नावे होती. एक ज्येष्ठ अधिकारी, निवृत्तीस दोन वर्षे उरलेले. दुसरी बत्तीस वर्षांची अधिकारी, जिने जुन्या नोंदी तपासण्याची नवी पद्धत स्वतःच्या हिमतीवर बसवली होती. तिची निवड व्हावी हे मला स्पष्ट दिसत होते. तरीही ज्येष्ठतेचा क्रम मोडला तर तक्रार होईल, असे कोणीतरी म्हणाले आणि आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. मी सही केली. ज्येष्ठ अधिकारी जाऊन आले, दोन कार्यक्रमांत त्यांचे भाषण झाले, आणि ते निवृत्त झाले. ती वर्षभराने राजीनामा देऊन गेली. जाताना भेटायला आली. "सर, नियमात बसत नव्हते, मला कळते," असे म्हणाली. नियमात ते बसत होते. बसत नव्हते ते आमच्या धैर्यात. त्या फाइलवर लेखापरीक्षणाचा एकही आक्षेप आला नाही, कारण न घडलेल्या माणसाची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही.

दुसऱ्या फळीचे खरे दुखणे हेच आहे. जो तिच्यावर खर्च करतो त्याच्या कारकिर्दीत फळ येत नाही, आणि जो करत नाही त्याच्या कारकिर्दीत नुकसान दिसत नाही. होळकरांच्या इंदूरने सी. के. नायडूंसारख्यांना आश्रय देऊन १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. राजाश्रय गेला आणि तो करंडक मध्य प्रदेशात पुन्हा येण्यास २०२२ उजाडले. तो आणला मुंबईच्या चंद्रकांत पंडित यांनी, प्रशिक्षक म्हणून. १९९८-९९ मध्ये कर्णधार असताना ते बंगळूरच्या त्याच मैदानावर पहिल्या डावाची आघाडी घेऊनही अंतिम सामना हरले होते. आमच्या जबलपूरचे अमय खुरासिया १९९९ मध्ये पुण्यात श्रीलंकेविरुद्ध अर्धशतकाने सुरुवात करूनही १२ एकदिवसीय सामन्यांवर थांबले. बंगळूरची राष्ट्रीय अकादमी त्यांच्या पदार्पणानंतर, २००० साली उघडली. तेच खुरासिया पुढे पाटीदार आणि आवेश खान यांचे मार्गदर्शक झाले. स्वतःला जो पूल मिळाला नाही तो त्यांनी दुसऱ्यांसाठी बांधला.

तेव्हा माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. एक, अ संघाचे वार्षिक वेळापत्रक आधी जाहीर व्हावे आणि वरिष्ठ संघाच्या सोयीसाठी ते मोडू नये. दोन, निम्म्या जागा तेवीस वर्षांखालील खेळाडूंसाठी असाव्यात. तीन, अ संघात सलग तीन वर्षे झालेल्या खेळाडूला त्याच्या भवितव्याविषयी लेखी आणि स्पष्ट उत्तर मिळावे. चार, निवड समितीचे मूल्यमापन तिने निवडलेल्यांपैकी पाच वर्षांनी किती जण उभे राहिले यावरून व्हावे. पाच, निरीक्षक इंदूर-मुंबईपुरते न राहता जबलपूर, सागर, जालना, चंद्रपूर येथवर यावेत.

घरापासून दूर राहणाऱ्या मराठी वाचकांना शेवटी एक प्रश्न. आपल्या गावच्या मंडळाचे अध्यक्ष कोण आहेत, आणि किती वर्षे? बहुतेक ठिकाणी सत्तरीतले गृहस्थ सभेत उठून "तरुण पिढी येत नाही" अशी खंत व्यक्त करतात, आणि गणेशोत्सवाचा हिशेब, सूत्रसंचालन, पाहुण्यांची निवड हे सारे स्वतःकडेच ठेवतात. एक वर्ष हिशेब पंचविशीतल्या मुलीकडे द्या. चूक होईल. होऊ द्या.

आपल्या भाषेत यासाठी एक जुना शब्द आहे. गल्लीतल्या खेळात धाकट्याला लिंबूटिंबू म्हणून घेतात. त्याच्या बाद होण्याचा हिशेब धरत नाहीत, पण त्याला डाव मिळतो, आणि दोन वर्षांत तो खरा गडी होतो. त्या संध्याकाळी भूखंडावर माझ्या शेजाऱ्यांचा सहा वर्षांचा नातू तिसऱ्यांदा त्रिफळाचीत झाला आणि तरीही बॅट हातात धरून उभा राहिला. मोठ्या मुलांपैकी कोणीही तक्रार केली नाही. आजोबा मात्र टाळ्या वाजवत होते. त्यांना मी एवढेच विचारले, "ही धर्मशाळा नव्हे ना?"